चौदा पानांतलं पहिलं पान

तरोडा, नांदेड
१६ जून २०२५

अपूर्वा,

नुसता जय भीम. आधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे, पण आज ते माझ्या पेनातून उतरत नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास. मेलला उत्तर देत नाहीस. म्हणून हे टपालानं. लातूरच्या तुझ्या घरचा पत्ता मला पिनकोडसकट पाठ आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड. न वाचता कागद बाजूला सारणाऱ्या माणसांची मला किती चीड आहे, हे तू चांगलं जाणतेस.

गुरुवारी, १२ जूनला, आपला डेटाबेस कोलमडला. ‘आपला’ म्हणतो, कारण आपल्या ऑफिसची दोघांच्या नावांनी केलेली नोंद अजून कुणी खोडलेली नाही. खरं तर पूर्ण बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो बंद पडला नाही. सकाळी दहा ते बारा तो व्यवस्थित चालू होता, फक्त एका माणसासाठी.

तुला सगळं माहीत आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो. मधूनच बोलायला लागणं मला जमत नाही. त्रेसष्ट संस्था आणि क्लाऊडवर एकच डेटाबेस. वसतिगृहं, वाचनालयं, दूध संस्था, आणि वसंतरावांचा लातूरचा तो अवाढव्य क्लास. सगळ्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात, प्रत्येक ओळीपुढे फक्त संस्थेचा क्रमांक. एका वेळी आत जायला चारशे खिडक्या, आणि त्यातली एकही कुणाच्या नावाची नाही. गर्दी वाढली की क्लाऊड आपोआप ताणला जाणार, खिडक्या वाढणार. गर्दी ओसरली की कमी होणार. ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं घ्यावं. एकच पाणवठा. ही रचना मी मांडली, तीन मार्चच्या बैठकीत सात हात वर होऊन ती मंजूर झाली, आणि मला अजूनही तिची लाज वाटत नाही.

गुरुवारी दहाला वसंतरावांनी कोणता विद्यार्थी कोणत्या बॅचला बसणार याची यादी लावली. त्याच मिनिटाला नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाचे अकरावीचे अर्ज उघडले. आधी येईल तिला जागा. लातूरचे पालक कसे असतात हे मी तुला काय सांगू? एका घरात चार मोबाईल आणि चारही मोबाईलवर अंगठा. चारशे खिडक्या दोन मिनिटांत त्यांच्या झाल्या. क्लाऊड ताणला गेला, हजार झाल्या, त्याही त्यांच्या. सोळाशे झाल्या, त्याही त्यांच्याच. मधूनच एखादी खिडकी मोकळी व्हायची आणि नांदेडातला कुणीतरी चपळ माणूस ती पकडायचा. बारा वाजता वसतिगृह भरलं. किनवटच्या निवासी शाळेतून दहावी पास झालेल्या सदतीस मुली दहापासून बसून होत्या. एकीचाही अर्ज आत आला नाही.

तुला बरं वाटलं असेल. असं होईल हे तू म्हणाली होतीस. पण ज्याला आधी दिसतं त्यानं थांबून भांडायचं असतं, पिशवी उचलून लातूरला निघून जायचं नसतं. तीन मार्चला आठ जणांसमोर मी जे सांगितलं ते तुझ्या घरी घडलेलंच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी तू ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास, “पुढचं सांग, आनंद” एवढंच म्हणालीस, अर्धा मिनिट माझ्याकडे बघत उभी राहिलीस आणि गेलीस.

पुढचं काय सांगायचं होतं? मला त्या दिवशी तंत्रावर बोलायचं होतं.

त्या गुरुवारी दहा ते बारा मी कामानिमित्त बाहेर होतो. नाहीतर काहीतरी केलं असतं.

आनंदराज


२१ जून २०२५

अपूर्वा,

काल प्रेमलाताई आल्या. किनवटच्या त्या निवासी शाळेच्या अधीक्षिका. सकाळच्या गाडीनं आल्या, पाणी मागितलं, पदरानं तोंड पुसलं आणि सदतीस नावांचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं. क्लाऊड म्हणजे काय, भार म्हणजे काय, आमच्या मर्यादा काय. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, “भाऊ, तुमचं ते यंत्र लई गोड बोलतं.”

मला कळेना. त्यांनी मोबाईल काढून पडद्याचा फोटो दाखवला. अर्ज अडकला की दिसणारी ती सूचना: ‘आपला अर्ज रांगेत आहे. कृपया शांतपणे थांबावे. पुन्हा पुन्हा दाबू नये. त्याने इतरांचा खोळंबा होतो.’

“पोरींनी दाबलं न्हाई,” ताई म्हणाल्या. “आमच्या पोरी हायेत त्या. थांबा म्हटलं की थांबतात. ज्योत्स्ना म्हणून हाय एक, चौऱ्याऐंशी टक्केवाली. तिनं तर हात मांडीखाली घेतले, चुकून लागू नये म्हणून. एक तास पन्नास मिनटं.”

अर्जाचं पान पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मेलं होतं, अपूर्वा. रांग नव्हतीच. लातूरकर दाबत राहिले, नांदेडकर दाबत राहिले, ज्यांनी दाबलं ते आत गेले. आणि ज्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला त्या मुली मेलेल्या पानासमोर हात मांडीखाली घेऊन बसल्या.

“कुणी लिहिलंय हो हे?” ताईंनी विचारलं.

मी म्हणालो, मीच.

“मराठी चांगलं हाय,” त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत माझ्या भाषेची इतकी वाईट तारीफ कुणी केली नव्हती.

ज्योत्स्नाला तिच्या वडिलांनी आदिलाबादला थोरल्या भावाकडे पाठवलंय, त्याचं लेकरू सांभाळायला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. “पुढच्या साली म्हणजे न्हाईच,” ताई म्हणाल्या, आणि मी मान हलवली, कारण मलाही ते माहीत आहे.

एक दार अजून उघडं आहे. वसतिगृहात घेतलेल्या अकरा मुली दुसरीकडे गेल्या. ताईंनी विश्वस्तांकडे ठाण मांडून त्या अकरा जागा या सदतीस जणींसाठी मिळवल्या. १० जुलै, सकाळी दहा ते अकरा. एकच तास. आलेल्या अर्जांतून गुणांप्रमाणे अकरा घेणार. अकरा वाजेपर्यंत जेवढ्या जागांवर अर्ज नसतील तेवढ्या नेहमीच्या प्रतीक्षा यादीला.

आणि १० जुलैला गुरुपौर्णिमा आहे. त्या दिवशी दहा वाजता वसंतराव शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लावतात. मी त्यांना फोन करून एक तास पुढे ढकला म्हणून विनवलं. बावीस वर्षं ते आपल्या मास्तरांच्या फोटोपुढे दिवा लावतात आणि दहाच्या ठोक्याला निकाल लावतात, त्यात बदल होणार नाही, असं म्हणाले. वर हसून म्हणाले, “तुम्ही तारखेवर भाषण करा आनंदराज, मी निकाल लावतो.” क्लाऊडवाल्यांना मी तेरा जूनलाच लिहिलं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं: मोठा आकार घ्या. मोठा आकार! वाडगं मोठं केल्यानं हावऱ्याची भूक कमी होते का? सोळाशे खिडक्या त्यानं गिळल्या, तो तीन हजार गिळेल. या माणसांना एवढं साधं कळत नाही, आणि ते आपल्याला आकार विकतात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी कामानिमित्त बाहेर होतो. मी शिरूर अनंतपाळला होतो. माझे वडील, ग्यानोबा, तिथल्या ज्या शाळेत शिपाई होते, तिच्या सुवर्णमहोत्सवाला मी प्रमुख पाहुणा होतो. दहा ते पावणेबारा मी माईकवर होतो. शिक्षकांच्या खोलीत दाराआड खिळ्याला टांगलेला वडिलांचा वेगळा पेला मी सांगत होतो. तोच पेला, जो तू शंभरदा ऐकलास. लोक रडत होते. फोन पिशवीत होता, आवाज बंद करून. महांतेशचे तेवीस फोन येऊन गेले होते. देगलूरकडचं हे पोरगं सर्व्हर सांभाळतं आणि माझ्या परवानगीशिवाय एक तार हलवत नाही, कारण मीच त्याला तसं बजावलं होतं. ते तिकडं एकटंच घामाघूम होऊन बसलं होतं.

दहा तारखेला एकोणीस दिवस उरले. मला तुझी गरज नाही, असं लिहून मी ते खोडलं आहे. खाडाखोड दिसेल.

आनंदराज


२८ जून २०२५

अपूर्वा,

तुझं टिपण सापडलं.

सापडलं म्हणजे हरवलं नव्हतं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं, पिन न काढलेलं. फेब्रुवारीत तू दिलं होतंस. ‘सामायिक डेटाबेसची रचना’, चौदा पानं. महांतेशनं विचारलं, “सर, म्याडमनी काहीतरी लिहून दिलं होतं ना?” आणि मी म्हणालो, वाचलंय मी ते. तो परत पडद्याकडे वळला. त्याच्या त्या वळण्यानं मला तो खण उघडायला लावला.

मी वाचतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. विष्णुपुरीच्या कॉलेजात असताना ग्रंथपाल मला संध्याकाळी हाकलून कुलूप लावायचे. घरात तीन भिंती पुस्तकांच्या आहेत. घटना समितीतल्या चर्चा मी खंडाखंडांनी वाचल्या. आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईनं माझ्यासाठी लिहिलेली चौदा पानं मी वाचली नाहीत. पहिलं पान वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: ‘संस्था लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन गटांत वेगळ्या कराव्यात.’ मला ‘वेगळ्या’ दिसलं. मला खिळ्याला टांगलेला पेला दिसला. मी कागद खणात टाकला आणि चाळीस मिनिटांच्या भाषणाची तयारी केली.

मी हे माफीसाठी लिहीत नाही. मी चिडून लिहितो आहे. स्वतःवर चिडला की माणूस जास्त मोठ्यानं बोलतो, आणि कागदावर मोठ्यानं बोलता येत नाही, हा या टपालाचा सगळ्यात वाईट गुण आहे.

पान सात मी काल चार वेळा वाचलं. तुझंच तुला उतरवून देतो, कारण मला ते हातानं लिहायचं आहे:

‘प्रत्येक लहान संस्थेसाठी काही खिडक्या राखून ठेवाव्यात. त्या रिकाम्या पडल्या तरी मोठ्या संस्थेला देऊ नयेत. मोठ्याच्या हातात गेलेली खिडकी परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात लहानाचा दिवस संपतो. रिकामी खिडकी म्हणजे नासाडी नव्हे. ती कुणाच्या तरी येण्याची तयारी आहे.’

अकरावीपासून मी याच एका गोष्टीवर घसा फोडत आलो. जागा राखीव आहे, उमेदवार मिळाला नाही, मग ती खुली करा, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी भर सभेत उभं आडवं घेतलं. ती जागा आज रिकामी असली तरी ती आमच्या येणाऱ्या माणसाची आहे, हे मी सांगायचो. आणि मग मीच एक डेटाबेस बांधला ज्यात कुणाचीच जागा राखीव नव्हती, आणि त्याला समता म्हणालो.

खरा मार पान चौदावर बसला. शेवटच्या चार ओळी. ‘ही कल्पना मूळची माझी नाही. दुसऱ्या वर्षाला असताना विष्णुपुरीच्या कॅन्टीनमध्ये आनंदराज राखीव जागांच्या अनुशेषावर भांडला होता, तेव्हा मी त्याच्या विरोधात बोलले होते. घरी जाऊन विचार केला तेव्हा तो बरोबर होता. तेच इथं डेटाबेसला लावलं आहे.’

तू हे लिहून माझ्या हातात दिलंस. आणि तीन आठवड्यांनी मी तुझ्याकडे बोट करून विचारलं, वेगळं करण्याची एवढी हौस कुठल्या घरातून येते.

महांतेशला मी विचारलं, तू तेव्हा माझ्या बाजूनं हात का वर केलास? म्हणाला, “सर, तुम्ही माझ्याकडंच बघून राहिला होतात.”

उद्यापासून आम्ही पान सात लावायला घेतो.

आनंदराज


४ जुलै २०२५

अपूर्वा,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांत तू मला दोन वाक्यं लिहिलीस: ‘पान नऊ लावलं का? नुसता राखीव वाटा पुरणार नाही.’ खाली सही म्हणून एक ‘अ’. मायना नाही, खुशाली नाही. पोस्टमननं वाचलं असणार. त्यानं मला विचारलं, कुठल्या परीक्षेचा अभ्यास चाललाय.

नाही, पान नऊ लावलं नव्हतं. वाचलं होतं. पान नऊ म्हणजे वरची मर्यादा: कुठल्याही एका संस्थेनं कितीही गर्दी केली तरी तिला अमुक इतक्याच खिडक्या, त्याहून मोठी झाली तर तिला स्वतःचं घर बांधून द्यावं, सामायिक घरात ठेवू नये. मी ते टाळलं कारण मला वसंतरावांची भीती वाटली. झालं एकदाचं लिहून. मी, जो मंत्र्यांना भर सभेत नावानं हाक मारतो, तो एका क्लासवाल्याला ‘एवढ्यावर थांबा’ म्हणायला घाबरलो, कारण ते रागावून निघून गेले तर मोठं नाव जाईल. लहानांसाठी वाटा राखायला मला दोन दिवस लागले. मोठ्याला अडवायला पाच, तेही तुझं कार्ड आल्यावर.

आज लावलं. महांतेशनं तीन वेळा खोटी गर्दी सोडून पाहिलं. क्लासनं सगळी मर्यादा खाल्ली आणि तिथंच अडला. वसतिगृहाच्या चाळीस खिडक्या जागच्या जागी राहिल्या. ती सूचनाही मी बदलली. आता पडद्यावर येतं: ‘थांबू नका. पाच सेकंदांत पुढे गेलं नाही तर पुन्हा दाबा.’ मराठी फार चांगलं नाही.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या घराबद्दल मी एक अक्षर खोटं बोललो नाही. ते खरं आहे, आणि म्हणूनच ते वाईट आहे.

मी बैठकीत सांगितलं की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा तुमच्या लातूरच्या घरी आलो. तुझ्या आईनं चहा आणला. सगळ्यांना कप, मला स्टीलचा पेला. मी सांगितलं की मी तो पेला पाहिला आणि मला माझ्या वडिलांचा पेला दिसला. मी सांगितलं की रचना कितीही शास्त्रीय भाषेत लिहा, वेगळं करायची सवय घरातून येते. तिथं मी थांबलो. तिथं थांबलं की परिणाम होतो, हे मला माहीत होतं.

तेव्हा तू म्हणालीस, पुढचं सांग.

पुढचं असं होतं की तू हात पुढे करून माझ्यापुढचा पेला उचललास, आईकडे न बघता त्यातला एक घोट घेतलास, आणि तुझा कप माझ्यापुढे सरकवलास. तुझी आई स्वयंपाकघरात निघून गेली. पुढच्या खेपेला मला कप आला, आणि त्यानंतरची चार वर्षं मी त्या घरी जेवलो.

हे मी कधीच विसरलो नव्हतो. बोलतानाही आठवत होतं. भाषणात ते बसत नव्हतं म्हणून मी ते गाळलं.

पहिला अर्धा भाग मी मागे घेणार नाही. तो पेला खरा होता, खिळ्यावरचाही खरा होता, आणि ते सांगायचं मी सोडणार नाही. पण तू केलेलं गाळून मी त्या पेल्याचा दगड केला आणि तुलाच मारला.

आनंदराज


१० जुलै २०२५, दुपारी

अपूर्वा,

सकाळी दहाला निकाल लागला. दहा वाजून एक मिनिटानं क्लास मर्यादेला टेकला. दहा वाजून दोन मिनिटांनी क्लाऊड ताणला गेला, आणि ताण मर्यादेच्या आतच राहिला. इथवर सगळं कागदाप्रमाणे.

वसतिगृहाच्या चाळीस खिडक्या मात्र रिकाम्या. दहा, दहा पाच, दहा दहा. एकही अर्ज नाही. ताईंचा फोन लागेना. महांतेशनं पडद्यावरून मान न वळवता विचारलं, “सर, आपलंच काही चुकून राहिलं का?” मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो.

दहा वाजून चौदा मिनिटांनी वसंतरावांचा फोन. त्यांचे पालक थांबून राहिले होते. त्यांनी आधी महांतेशला फोन केला होता आणि त्यानं खरं ते सांगितलं होतं. त्याला दुसरं काही येत नाही. वसंतराव चढ्या आवाजात नव्हते, हेच जास्त त्रासाचं होतं. म्हणाले, “चाळीस खिडक्या मोकळ्या पडल्यात, कुणी फिरकत नाही तिथं. माझी पोरं ताटकळलीत. मार्चमध्ये तुम्हीच मला सांगायला आला होतात, एकच पाणवठा, ज्याला लागेल त्यानं घ्यावं. आता घेऊ द्या की.”

माझंच वाक्य. माझ्याच चढउतारांसह.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचं पटत होतं. रिकाम्या खिडक्या समोर दिसत होत्या आणि हजारो पोरं बाहेर उभी होती. तीही कुणाची तरी लेकरंच. शंभर सभांमध्ये मी या प्रश्नाला उत्तर दिलं आहे, पण तेव्हा माझ्या हातात माईक होता, बटण नव्हतं.

मी म्हणालो, “रिकाम्या राहू देत वसंतराव. त्या त्यांच्या आहेत.”

ते म्हणाले, पुढच्या महिन्यात आपण बसून बोलू. म्हणजे ते निघून जाणार, हे मला कळलं. पान नऊप्रमाणे त्यांना स्वतःचं घर बांधून द्यायची तयारी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

दहा वाजून एकतीस मिनिटांनी पहिली खिडकी भरली.

किनवटला साडेनऊपासून वीज नव्हती. ताईंनी सदतीस पोरी दोन टेंपोंत बसवून बाजारातल्या सेवा केंद्रावर नेल्या. तिथं इन्व्हर्टर होता. एक पडदा, एक मोबाईल आणि सदतीस मुली. महांतेश मोठ्यानं आकडा म्हणत गेला. दहा चाळीसला सोळा. दहा बावन्नला चौतीस. अकराला दोन मिनिटं कमी असताना सदतीस. त्या खिडक्या मी सव्वादहाला वसंतरावांना दिल्या असत्या तर त्या परत मागून घेण्यातच तास संपला असता. हे तुझं गणित आहे, मी फक्त ते आज डोळ्यांनी पाहिलं.

अकरा जागा भरल्या. ज्योत्स्ना तिसरी आहे. ताई परवा स्वतः आदिलाबादला जाऊन तिला घेऊन आल्या होत्या. भाऊ सोडेना, तर त्याच्या दारात बसून राहिल्या. मघाशी त्यांचा फोन आला. मी अभिनंदन वगैरे सुरू केलं. त्यांनी मध्येच तोडलं. म्हणाल्या, “भाऊ, ज्योत्स्ना विचारून राहिली, पुन्हा दाबायचं का. मी म्हटलं, आता नको, झालं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बाकीच्या सव्वीस बाहेर पायरीवर बसल्यात. त्यांना काय सांगू, ते सांगा.”

संध्याकाळी सांगतो म्हणून मी फोन ठेवला, माझ्याकडे भाषण नव्हतं. हे मी तुला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

त्या सव्वीस जणींचं नुकसान बारा जूनला झालं, आणि बारा जूनचं नुकसान तीन मार्चला. एका न वाचलेल्या टिपणानं आणि एका अर्ध्या गोष्टीनं.

साडेअकराला मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. तीन मार्चला होते तेच सगळे; तुझी खुर्ची सोडून. त्यांना वाटलं भाषण आहे, कुणीतरी चहाही सांगितला. मी उभा राहिलो नाही. बसूनच सांगितलं की मार्चमध्ये मी एक गोष्ट अर्धी सांगितली होती, तिचा उरलेला भाग असा. पेला उचलला, घोट घेतला, कप सरकवला. तीन वाक्यांत संपलं. चौथं वाक्य, की मी हे जाणूनबुजून गाळलं. पाचवं, की रचना तिची आहे आणि आज तीच चालली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग महांतेश खाली बघत म्हणाला, “सर, हे तेव्हाच सांगितलं असतं तर माझा हात खालीच राहिला असता.”

तू परत ये, असं मी लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मी मार्चमध्येच घालवला. किल्ल्या अजून त्याच टेबलावर आहेत, तू ठेवल्यास तिथंच. कुणी उचलल्या नाहीत आणि मी कुणाला उचलू देत नाही.

सव्वीस नावांचा कागद माझ्यासमोर आहे. ताईंना संध्याकाळी फोन करायचा आहे आणि काय सांगायचं ते मला माहीत नाही. तुझी चौदाही पानं पुन्हा चाळली. त्यात ते नाही. पंधरावं पान लिहायला हवं, आणि ते मला एकट्याला जमणार नाही.

सप्रेम जय भीम.

आनंदराज